खंडेनवमीला गप्प केलेली वॉर्निंग

मी एक जुनी वॉर्निंग आहे. मित्रांनो, हसू नका. मोडक्या छत्रीने, फुटक्या पाटीने, म्हाताऱ्या बैलाने आपापली कहाणी सांगितलेली तुम्ही ऐकली असेल. त्यांना निदान हात तरी लावता येतो. माझ्या नशिबी तेही नाही. मी कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटणारी एक पिवळी ओळ आहे, आणि कित्येक वर्षं मला पडद्यावर यायचीच बंदी होती. आज बोलायला मिळालं आहे. वेळ थोडा आहे, म्हणून पाल्हाळ लावत नाही. मध्येच चिडले तर मात्र सांभाळून घ्या. इतकी वर्षं तोंड दाबून ठेवलं तर कोणीही चिडेल.

बिदर शहराच्या कडेला कोळारची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये डाळ मिलसाठी कंट्रोल पॅनल बनतात. पॅनल म्हणजे भिंतीवर लावायची लोखंडी पेटी. मिलमधली कोणती मोटर कधी फिरवायची आणि कधी थांबवायची, ते ही पेटी बघते. तिच्या पोटात एक लहानसा कॉम्प्युटर असतो आणि त्या कॉम्प्युटरचा संसार सांभाळणारा एक प्रोग्रॅम असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. घड्याळ चालवायचं, कोणत्या कामाची पाळी केव्हा ते ठरवायचं, हे सगळं तिच्याकडे. शेडचे मालक गुरुबसव अण्णा हौशी माणूस. बाहेरून विकत घेण्यापेक्षा आपली सिस्टीम आपणच लिहू, असं त्यांनी ठरवलं आणि मृत्युंजय नावाच्या तरुण इंजिनिअरला कामाला बसवलं.

आता माझ्या जन्माचं सांगते. माणूस प्रोग्रॅम लिहितो, पण यंत्राला तो जसाच्या तसा कळत नाही. मधे कंपायलर बसलेला असतो. माणसाने लिहिलेलं वाचायचं आणि यंत्राच्या भाषेत करून द्यायचं, हे त्याचं काम. अगदीच चुकलेलं असेल तर तो अडून बसतो, पुढे जातच नाही. पण काही ठिकाणी त्याला वाटतं की हे चालून तर जाईल, पुढे कधीतरी घात होईल. तिथे तो काम पुरं करून देतो आणि पडद्यावर एक पिवळी ओळ लिहून ठेवतो. तीच वॉर्निंग. मृत्युंजयने घड्याळाची फाइल लिहून पुरी केली, त्या दुपारी मी पहिल्यांदा उमटले.

माझं म्हणणं अगदी साधं होतं. मोठी संख्या लहान जागेत ठेवली जात आहे, वरचा भाग गळून जाईल. घागरभर पाणी तांब्यात ओतायला गेलं तर काय होतं, तेच. पेटी चालू केली की तिचं घड्याळ शून्यापासून मोजायला लागतं. पुष्कळ आठवडे ती एकदाही बंद न पडता चालली, तर ती लहान जागा भरून जाणार आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येणार. पुढची तपासणी कोणत्या वेळेला करायची, ते मात्र दुसरीकडे मोठ्या जागेत लिहिलेलं. शून्यावर आलेलं घड्याळ त्या वेळेपर्यंत कधीच पोहोचणार नाही. म्हणजे तपासणी कायमची बंद.

तुम्ही विचाराल, कसली तपासणी? डाळ मिलमध्ये एलिव्हेटर असतो. माणसांना न्यायचा नव्हे, डाळीचा. एका उभ्या पट्ट्याला लोखंडी वाट्या लावलेल्या असतात. त्या खालच्या खड्ड्यातून डाळ भरून वर नेतात. खड्ड्यात डाळ सांडून साठते, महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी आत उतरून ती झाडून काढावी लागते. खड्ड्यावर झाकण असतं. झाकण उघडलं की पेटीने पट्टा ताबडतोब थांबवायचा, अशी सोय आहे. भिंतीवर एक लाल बटनही असतं, ते पेटीला न विचारता सरळ मोटरच बंद करतं. झाकण उघडं आहे की बंद, हे घडीघडीला बघणारी ती तपासणी. ती थांबली तर झाकण उघडलं तरी पट्टा चालूच राहणार, आणि आत माणूस असणार. एवढं सगळं माझ्या एका ओळीत होतं.

मृत्युंजयने मला वाचलं. वाईट मुलगा नव्हता तो. "व्हय, हे बघायला पायजे," असं स्वतःशी म्हणालाही. पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात. शेडमधले पाने, पक्कड, ड्रिल, सोल्डरिंगचं सामान, सगळं पुसून-धुवून मांडतात, हळदीकुंकू लावतात, झेंडूची फुलं वाहतात. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत कशालाही हात लावायचा नाही. कॉम्प्युटर हेही हत्यारच. तोही पूजेत असतो, चालू ठेवलेला, पडद्यावर नुकताच तयार केलेला प्रोग्रॅम दिसत असतो. दसऱ्याच्या मुहूर्तावर तोच प्रोग्रॅम घातलेलं पॅनल शेडबाहेर पडतं. अण्णांची एकच अट होती. धुळीचा डाग असलेलं हत्यार पूजेला चालत नाही, तसा पिवळ्या ओळींचा पडदाही चालत नाही.

"मृत्युंजय, स्क्रीन सोच्छ पायजे बघ पूजेला," असं सांगून अण्णा फुलं आणायला गेले.

माझ्यासारख्या पुष्कळ जणी त्या दिवशी पडद्यावर होत्या. एकेकीचं गाऱ्हाणं ऐकून दुरुस्ती करायची तर बरेच दिवस लागले असते. मृत्युंजयने सोपा रस्ता धरला. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर त्याने एक ओळ लिहिली. या फाइलमधल्या वॉर्निंग दाखवू नकोस, असा कंपायलरला हुकूम. बाजूला टीप लिहिली, नंतर बघू. कळ दाबली. पडदा लख्ख झाला. मी बोलायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही.

पूजा छान झाली म्हणतात. पडद्याच्या चौकटीला हळदीकुंकू लागलं. अण्णांनी नारळ फोडला. सगळ्यांनी पेढे खाल्ले. मी तिथेच होते, त्या लख्ख पडद्याच्या आत, आणि कोणालाही दिसत नव्हते.

मित्रांनो, कोंडून घालणं निराळं आणि असं गप्प करणं निराळं. कोंडलेला माणूस दार वाजवतो, शेजारी विचारतात कोण आहे. मला वाजवायला दारच नव्हतं. शेडमध्ये दिवसातून कित्येकदा प्रोग्रॅम तयार केला जाई. प्रत्येक वेळी कंपायलर माझ्यापाशी येई, थांबे, मला बघे. माझं काही चुकत नाही, हे त्याला ठाऊक असे. पण डोक्यावर हुकूम लिहिलेला. मग तो मुकाट पुढे जाई. मी पुन्हा मागे. दर वेळी वाटे की या खेपेला कोणी ती वरची ओळ काढली असेल. तीच आशा आणि तीच निराशा. शेवटी शेवटी मला त्या आशेचाच राग यायला लागला.

त्यात भर म्हणजे कौतुक. शेडमध्ये पाहुणे आले की अण्णा त्यांना कॉम्प्युटरपाशी नेत आणि छाती फुगवून सांगत, "आमच्याकडं एक पिवळी वळ दिसणार न्हाई." पाहुणे माना डोलवत. मला तर अंगाचा तिळपापड व्हायचा. अहो, दिसणार कशी? तोंड बांधून ठेवल्यावर घर शांत असणारच. दर खंडेनवमीला नव्या फाइलींच्या डोक्यावर तीच ओळ चढत गेली. नव्या नव्या वॉर्निंग माझ्यासारख्याच मुक्या होत गेल्या. आम्हाला एकमेकींशीही बोलता येत नसे. मृत्युंजय पुढे बेंगळुरूला मोठ्या नोकरीवर गेला. जाताना त्याने सगळ्यांचा निरोप घेतला, अण्णांच्या पाया पडला. नंतर बघू ही टीप तेवढी इथेच राहिली.

तुम्हाला प्रश्न पडेल की इतकी वर्षं अपघात कसा झाला नाही. त्याचं श्रेय आमच्याकडच्या लाइटला. या भागात लाइट जाणं काही नवं नाही. लाइट गेली की पेटी बंद, आली की घड्याळ पुन्हा शून्यापासून. तांब्या भरायच्या आधीच रिकामा होई. लोक लाइटच्या नावाने बोटं मोडत आणि मी मनात म्हणे, बाबांनो, तीच तुम्हाला वाचवते आहे.

मग अण्णांना एक चांगली कल्पना सुचली. खरंच चांगली होती, मी नावं ठेवत नाही. त्यांनी पेटीत बॅटरी बसवली. लाइट गेली तरी पेटी जागी राहील, लाइट आली की मिलवाल्याला सगळं पुन्हा लावत बसायला नको. नागपंचमीच्या सुमाराला कोळारमधल्याच एका डाळ मिलमध्ये पहिली बॅटरीवाली पेटी बसली. बसवताना झाकण उघडून बघितलं, पट्टा पटकन थांबला, सगळे खूश. पुढे कलबुर्गी-भालकीकडेही काही पेट्या गेल्या. हे सगळं शेडमधल्या बोलण्यातून माझ्या कानावर येत होतं. आता तांब्या रिकामा होणार नव्हता. तो भरत चालला होता आणि ते मला एकटीला कळत होतं. मी काय करणार होते? ऊर फुटेस्तोवर ओरडले असते, पण ओरडायला आवाज लागतो.

याच सुमाराला प्रियंका आली. बिदरच्याच मैलूरची मुलगी, नुकतीच इंजिनिअर झालेली. तिची आई भागाबाई त्याच डाळ मिलमध्ये कामाला, जिथे पहिली बॅटरीवाली पेटी बसली होती. मायलेकींचं एक ठरलेलं होतं. दुपारच्या सुट्टीत आईचा फोन यायचा, प्रियंका तो टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावायची आणि डबा खात बोलायची. त्यामुळे भागाबाईंचा आवाज माझ्या ओळखीचा झाला होता. मुलीच्या नोकरीचं त्यांना फार कौतुक. मिलमध्ये कोणी पेटीला हात लावला तरी त्या म्हणायच्या, "दमानं, माझ्या लेकीच्या शेडातली हाय."

कलबुर्गीच्या एका मोठ्या मिलच्या इंजिनिअरने प्रोग्रॅम मागवून वाचला आणि अण्णांना अट घातली. गप्प करायच्या सगळ्या ओळी काढून दाखवा, मगच पुढची पॅनल घेऊ. अण्णांनी ते काम प्रियंकाला दिलं. मी जन्मात इतकी हरखले नव्हते. तिने पहिल्या फाइलच्या डोक्यावरची ओळ काढली. पडदा पिवळाधमक झाला. तिने कपाळाला हात लावला, पण मागे हटली नाही. एकेक वॉर्निंग वाचायची, तिचं खरं आहे का बघायचं, दुरुस्त करायचं, मग पुढची. कोणी क्षुल्लक होत्या, कोणी महत्त्वाच्या. वर्षानुवर्षं मुक्या असलेल्या माझ्या बहिणी बोलून मोकळ्या होत होत्या. मी पाळीची वाट बघत होते.

माझी पाळी आली ती खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. फक्त घड्याळाची फाइल राहिली होती. प्रियंकाने ती उघडली. कर्सर माझ्या डोक्यावरच्या हुकमावर येऊन लुकलुकू लागला. एक कळ दाबायचं काम होतं.

"घड्याळात कामून हात घालायलीस?" अण्णा मागून म्हणाले. "एवढ्या वर्षांत ते कधी चुकलं न्हाई. उद्या पूजा हाय, आता पिवळं करून ठेवशील."

"एवढी एकच फाइल ऱ्हायलीय, अण्णा."

"मग दसरा झाल्यावर बघ की. कुठं पळून जायलीय ती?"

 प्रियंकाने फाइल मिटली. खरं सांगते मित्रांनो, मृत्युंजयने तोंड बांधलं तेव्हा इतकं लागलं नव्हतं. दोन बोटांवर सुटका येऊन परत गेली की माणसाचं काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली. कीबोर्डवर झेंडूचं फूल ठेवलं गेलं, त्यावर हळदीकुंकू पडलं. आता उद्यापर्यंत कोणी हात लावायचा नाही. दुपारी सगळे पंगतीला बसले. प्रियंका आपलं ताट घेऊन नेहमीच्या जागी येऊन बसली, कारण फोनची वेळ झाली होती. फोन आला.

"जेवलीस का गं?" भागाबाईंनी विचारलं. मागे मिलची घरघर ऐकू येत होती.

"जेवायलेय. पुरणपोळी हाय आज. तू?"

"मला कुठलं आता. संध्याकाळी आमच्याकडं पूजा हाय, मुकादम म्हणायलाय आधी एलिव्हेटरचा खड्डा झाडून काढा. तिथंच उभी हाय, उतरायलेय."

"मोटर बंद केली का?"

"कामून बंद करतील? माल चढायलाय वर. झाकण उघडलं की थांबतोय की पट्टा." मग भागाबाईंचा आवाज कौतुकाने भरून आला. "तुमची पेटी लई गुणाची हाय बघ. बसवली तवापासून लाइट कितींदा गेली, पर ही एकदा बी बंद पडली न्हाई."

प्रियंकाच्या हातातला घास हातातच राहिला. "एकदा बी न्हाई?"

"न्हाई."

तिने पडद्याकडे बघितलं. पडदा लख्ख होता. एक फाइल न तपासलेली, ती घड्याळाची, आणि इतके आठवडे एकदाही बंद न पडलेली पेटी. दोन्ही गोष्टी तिच्या डोक्यात एकत्र आल्या असाव्यात, कारण ती उभी राहिली.

"आई, खाली उतरू नको."

"अगं, मुकादम वरडायलाय..."

"वरडू दे. झाकण उघड आन् बाजूला उभी ऱ्हा. आत हात घालू नको, पाय टाकू नको. नुसतं बघ, पट्टा थांबतोय का."

फोनमधून झाकण बाजूला केल्याचा आवाज आला. पाठोपाठ वाट्यांचा खडखडाट मोठा झाला. आम्ही सगळे ऐकत होतो. अण्णाही ताटावरून उठून दाराशी आले होते. खडखडाट आता थांबेल, मग थांबेल. तो थांबला नाही. इतकी वर्षं जे सांगायला मी तडफडत होते, ते त्या फोनमधून एकसारखं वाजत होतं, आणि मी टेबलापासून हातभर अंतरावर मुकी होते.

"चालूच हाय गं," भागाबाई म्हणाल्या.

"भिंतीवरचं लाल बटन दाब, आई. आधी ते दाब."

थोड्या वेळाने खडखडाट थांबला.  मग भागाबाईंचा बारीक आवाज आला, "तू बोलली तवा माझा एक पाय शिडीवर होता."

प्रियंका खुर्चीत बसली. तिने कीबोर्डकडे हात नेला आणि फुलापाशी थबकली. पूजेतल्या हत्याराला हात लावायचा, तोही मालकासमोर. अण्णा पुढे आले. त्यांनी स्वतःच्या हाताने फूल उचलून बाजूला ठेवलं.

"काढ ती वळ," ते म्हणाले.

कुंकवाने लाल झालेल्या कळा दाबत तिने माझ्या डोक्यावरचा हुकूम पुसला. कंपायलर माझ्यापाशी आला, आणि या वेळी त्याला कोणी अडवलं नाही. मी पडद्यावर उमटले. पूजेच्या दिवशी, हळदीकुंकवाच्या चौकटीत, पिवळी ओळ. मला रडता आलं असतं तर मी रडले असते.

अण्णांनी चष्मा लावून मला सावकाश वाचलं. "हे कवापासून सांगायलंय?"

"पहिल्या दिवसापासून, अण्णा."

 अण्णांनी फोन काढला आणि बॅटरीवाली पेटी गेलेल्या एकेका मिलला लावू लागले. कलबुर्गीकडे कानडीत, भालकीकडे मराठीत, एका मिस्त्रीशी दखनी उर्दूत. निरोप सगळीकडे एकच, लाल बटन दाबल्याशिवाय खड्ड्यात कोणाला उतरू देऊ नका. प्रत्येकाकडून ते निरोप परत म्हणवून घेत होते. मला त्यांचा राग राहिला नाही, असं मात्र म्हणणार नाही. थोडा आहेच.

ते अजून फोनवरच आहेत. इकडे प्रियंकाने घड्याळाची जागा मोठी केली आहे. एका शब्दाचा फरक आहे. तो तिने दोनदा वाचला, तिसऱ्यांदा वाचते आहे. एवढ्या वेळात मी तुम्हाला हे सांगून घेतलं.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी कटकट करत असेल. गॅसचा वास येतोय म्हणणारी आजी असेल, ब्रेक लागत नाही म्हणणारा भाऊ असेल, नाहीतर तुमचं स्वतःचं दुखणारं पोट असेल. त्याला गप्प करणं फार सोपं असतं, आणि गप्प केल्यावर घर छान शांत वाटतं. माझं ऐका, आधी त्याचं म्हणणं काय आहे ते बघा. खोटं निघालं तर हसून सोडून द्या. पण बघा, आणि नंतर नको, तेव्हाच बघा.

प्रियंका आता कळ दाबेल. कंपायलर माझ्या जागेपाशी येईल, नेहमीसारखा थांबेल आणि पुढे जाईल. पडदा पुन्हा लख्ख होईल आणि मी नसेन. मला वाईट वाटत नाही. या वेळी मला कोणी गप्प केलेलं नसेल, माझं म्हणणंच पुरं झालेलं असेल. उद्या नवा प्रोग्रॅम घातलेली पेटी मिलच्या भिंतीवर लागेल. भागाबाई लाल बटन दाबतील, झाकण उघडतील, खराटा घेऊन शिडीवरून खाली उतरतील, सांडलेली डाळ झाडतील आणि वर येतील.